भैरवाचा बिलावल होऊ नये म्हणून

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. या वेळी : संगीताच्या अंकांची मांडणी

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की संगीताचा अंक हातात आला की मी आधी वाचत नाही, नुसता बघतो, अन् त्यावर एवढे प्रश्न आलेत की संपादक म्हणाले, सगळं सदर याच्यावरच काढा. मी डिझाइनचा प्रोफेसर नव्हे हां, कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत डीटीपीच्या खुर्चीवर बसून केस पांढरे झालेत एवढीच आपली डिग्री. प्रश्न बरेच एकसारखे होते, त्यातले सहा घेतलेत.

दादा, आमचं छोटं म्युझिक सर्कल आहे, दिवाळीला 48 पानांचा अंक काढतोय. मला तो अमेरिकेतल्या रोलिंग स्टोन मासिकासारखा दिसायला पाहिजे, काळ्या बॅकग्राउंडवर कलाकाराचा मोठा चेहरा, डोकं नावावर आलेलं, भोवती लाल बॉर्डर. पण कमिटी म्हणते मुखपृष्ठावर 11 पदाधिकाऱ्यांचे फोटो पाहिजेतच. काय करू?
– एक कार्यकर्ता, शिवाजी पेठ

भावा, आधी कमिटीचं बोलू, कारण रोलिंग स्टोनपेक्षा कमिटी अवघड असतीय. 11 फोटो लावलेस की ते मुखपृष्ठ राहत नाही, चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स होतंय, वर एक मोठा चेहरा अन् खाली शुभेच्छुकांची रांग. फ्लेक्सला मी नावं ठेवत नाही, त्याचं काम वेगळं आहे, तिथं प्रत्येकजण आपला फोटो कितव्या नंबरला आहे ते बघायला थांबतो. अंकाच्या मुखपृष्ठाचं काम एवढंच की टीपॉयवर पडलेला अंक अनोळखी माणसानं उचलावा. पदाधिकाऱ्यांना मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला बसव, चांगले मोठे फोटो लाव, खूष होतील. नाही झाले तर मलाच बोलाव चहाला.

आता रोलिंग स्टोन. सगळे ती बॉर्डर अन् ती अक्षरं बघतात, पण ती आली कुठनं ते कुणी बघत नाही. पहिला अंक 9 नोव्हेंबर 1967 चा, सॅन फ्रान्सिस्कोचा, साडेसात हजार डॉलर उसने घेऊन काढलेला. चकचकीत कागद नव्हताच, वर्तमानपत्राचा कागद, टॅब्लॉइडसारखा छापून मधे दुमडलेला, अन् ज्या रेघांचं सगळ्यांना एवढं कौतुक त्या म्हणजे जुन्या वर्तमानपत्री रेघा, एक जाड एक बारीक, छापखान्यात ज्यांना ऑक्सफर्ड रूल म्हणतात त्या. नावाची अक्षरं काढली रिक ग्रिफिननं, तो तिथं रॉकच्या कार्यक्रमांची पोस्टरं करायचा. म्हणजे बघ, त्यांनी पैसे नव्हते म्हणून पेपरचा कागद घेतला अन् अक्षरं आपल्याच गल्लीतल्या पोस्टरवाल्याकडनं काढून घेतली. तू तेच कर की. तुझ्या गल्लीत बाबूराव पेंटरांच्या सिनेमाच्या पोस्टरांपासनं खासबागच्या कुस्तीच्या जाहिरातीपर्यंत सगळा माल पडलाय. कुस्तीच्या पोस्टरवर दोन पैलवान समोरासमोर असतात ना, जुगलबंदीच्या कार्यक्रमाला तीच मांडणी करून बघ, सतार एका अंगाला सरोद दुसऱ्या अंगाला, आपल्या माणसाला न सांगता कळतंय काय चाललंय ते. लाल बॉर्डर मात्र लावू नको, लोक नक्कलच म्हणणार.

डोकं नावावर आणायची हौस जवळजवळ सगळ्यांना असते. ती चाल इंग्रजीत खपते याला दोन कारणं. एक, ते नाव वाचकानं हजारदा बघितलेलं असतं, चार अक्षरं झाकली तरी ओळखतो, तुझा पहिला अंक, तुझं नाव कुणाला पाठ आहे? दुसरं कारण आपल्या लिपीचं आहे. देवनागरीत शिरोरेघ वर, त्याच्याही वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. कलाकाराचे केस त्याच्यावर आले की 'को' चा 'का' होतो, 'के' चा 'क' होतो अन् 'सूर' सुद्धा ओळखू येत नाही. फारच हौस असेल तर डोकं अक्षरांच्या खालच्या अंगाला लागू दे, शिरोरेघेला हात लावू नको. उकार असेल तर तेही नको.

मथळे किती टाकायचे हा पुढचा वांदा. परदेशात स्टॉलवर अंक एकावर एक कलते लावलेले असतात, डावी पट्टी तेवढी दिसते, म्हणून ठळक मथळे डावीकडं द्यायची पद्धत पडली. तुझा अंक स्टॉलवर जाणारच नाही, सभासदांच्या घरी जाणार, मग कशाला ती गर्दी? रोलिंग स्टोनचाच 22 जानेवारी 1981 चा अंक बघ, जॉन लेनन अन् योको ओनोचा फोटो, लेननचा खून झाला त्याच दिवशी ॲनी लीबोविट्झनं काढलेला, वर मासिकाचं नाव अन् बाकी एक मथळा नाही. तुझ्याकडं तसा फोटो असेल तर तसं कर, नसेल तर दोन मथळे बास झाले.

आकाराचं म्हणशील तर मोठाच पाहिजे असा हट्ट धरू नको. रोलिंग स्टोन स्वतः 2008 मधे मोठ्या आकारावरनं नेहमीच्या आकारावर आलं कारण दुकानातल्या रॅकमधे मोठा अंक बसत नव्हता, अन् 2018 मधे मासिक झाल्यावर परत मोठं झालं. म्हणजे आकार सुद्धा गिऱ्हाईक अंक कुठनं उचलणार त्यावर ठरतो. 48 पानं म्हणजे सोळा पानी तीन फर्मे बरोबर बसतात, कव्हरची चार पानं वेगळी, मधे पिन मारून घे. आकार ए-फोर ठेव, त्याचं कारण पुढच्या उत्तरात आहे.

सर, मी गायनाचे क्लासेस घेते. आमच्या अंकात दर वेळी 3-4 बंदिशी नोटेशनसह देतो पण प्रत्येक अंकात काहीतरी घोळ होतोच, कधी टिंब गायब, कधी रेघ गायब, कधी स्वर एका मात्रेनं सरकलेले. याला काही पक्की पद्धत आहे का?
– एक गायनशिक्षिका, राजारामपुरी

ताई, तुमच्या प्रश्नावर मी एक पुस्तक लिहीन, पण आधी माझंच पाप सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका अंकात मी भैरवातली बंदिश लावली होती, प्रूफ तीनदा वाचलं, सगळं ठीक. प्रेसमधे फाइल उघडली त्या कॉम्प्युटरवर माझा फॉन्ट नव्हता, त्यानं गपगुमान दुसरा घेतला अन् कोमल रे अन् कोमल ध च्या खालच्या रेघा गेल्या उडून. अंक वाटून झाल्यावर तिसऱ्या दिवशी एका बुजुर्ग गवयांचा फोन, "अहो, तुमच्या अंकात भैरवाचा बिलावल झालाय." बरोबरच होतं की, रे ध शुद्ध केले की सगळे स्वर शुद्धच राहतात. प्रेसवाल्याची चूक अर्धी, माझी अर्धी, मी फॉन्ट पीडीएफमधे एम्बेड केला नव्हता, म्हणजे फाइलीतच घालून दिला नव्हता. तेव्हापासनं नोटेशनच्या पानाचं प्रूफ मी छापखान्यातल्या मशीनवरनं काढलेलंच बघतो, माझ्या स्क्रीनवरचं नाही.

तर पहिली गोष्ट, कुठली पद्धत वापरताय ते अंकाच्या सुरुवातीला चौकटीत छापा. आपल्या भागात नोटेशनच्या भातखंडे अन् पलुस्कर अशा दोन्ही पद्धती चालतात. विष्णु दिगंबर पलुस्करांचा जन्म कुरुंदवाडचा, शिक्षण मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं, त्यामुळं जुन्या शिक्षकांच्या वह्या पलुस्कर पद्धतीच्या असतात, अन् क्लासमधली पुस्तकं बहुतेक भातखंडे पद्धतीची. अन् या दोन्हींची चिन्हं सारखी दिसून उलटं सांगतात. भातखंड्यांत डोक्यावरचं टिंब म्हणजे तार, वरचं सप्तक, पलुस्करांत तेच टिंब म्हणजे मंद्र, खालचं सप्तक. भातखंड्यांत डोक्यावरची उभी रेघ म्हणजे तीव्र म, पलुस्करांत उभी रेघ म्हणजे तार सप्तक. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा अन् 'खाली' म्हणजे बिनटाळीची मात्रा, भातखंड्यांत समेला फुली अन् खालीला शून्य, पलुस्करांत समेला 1 अन् खालीला अधिकचं चिन्ह. आता तुम्हीच बघा, गुरुजींच्या वहीतनं एक बंदिश अन् पुस्तकातनं दुसरी घेऊन एकाच पानावर लावली तर विद्यार्थी समेची फुली अन् खालीचं अधिक यात घोटाळा करणारच. एका अंकात एकच पद्धत. वहीतली बंदिश असली तर बदलून घ्या अन् ज्यांची वही त्यांच्याकडनंच तपासून घ्या.

दुसरी गोष्ट टायपिंगची. पूर्वी आम्ही रेघा वेगळ्या ओढायचो, कोरल ड्रॉमधे एकेका स्वराखाली, अन् मजकूर एक ओळ सरकला की रेघा तिथंच अन् स्वर खाली. तुमचे 'एका मात्रेनं सरकलेले' स्वर तिथनंच आलेत बहुतेक. रेघ अक्षराला चिकटलेली पाहिजे, त्याचाच भाग. युनिकोडमधे वेदाच्या पाठासाठी उदात्त-अनुदात्ताची चिन्हं आहेत, कोड 0951 अन् 0952, एक डोक्यावरची उभी रेघ अन् एक खालची आडवी. ती भातखंडे पद्धतीला अगदी फिट बसतात : तीव्र मध्यम म॑, कोमल ग॒, कोमल ध॒. मंद्रासाठी खालचा नुक्ता, प़ किंवा ध़, अन् तारसाठी सरळ अनुस्वार, सां रें गं, तो तर सगळे वापरतातच. वेदाचं चिन्ह ठुमरीला लावल्याबद्दल कुणी रागावणार नाही, रागावलं तर माझं नाव सांगा. एक अडचण राहते, मंद्रातला कोमल नि, त्याला टिंब पण खाली अन् रेघ पण खाली, काही फॉन्टमधे ती एकमेकांवर बसतात. तेवढा एक स्वर आधी मोठा टाईप करून फॉन्ट तपासा, बाकीचं नंतर. पानं लावायला इनडिझाइन सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यात वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू आहे का बघा, नसला तर जोडाक्षरं सुद्धा तुटतात, रेघांचं तर बोलायलाच नको. जुनं पेजमेकर अजून कुणी वापरत असेल तर त्यांना नमस्कार, त्याला युनिकोड कळतच नाही.

तिसरी गोष्ट तक्ता. ओळी स्पेसबार मारमारून जुळवू नका, टेबल करा, एका मात्रेला एक घर. त्रितालाला 16 घरं. ए-फोरवर दोन्हीकडची मार्जिनं सोडून साधारण 17 सेंटिमीटर उरतात म्हणजे एका मात्रेला सेंटिमीटरभर, तेवढ्यात स्वर अन् खाली बंदिशीचं अक्षर आरामात बसतं. डेमीच्या पुस्तकी आकारात 11 सेंटिमीटर उरले तर घराला सात मिलिमीटर सुद्धा मिळत नाहीत, अन् मग एका मात्रेत चार स्वरांची तान आली की अक्षरं मुंग्यांएवढी. वरच्या उत्तरात मी ए-फोर म्हटलं ते या कारणानं. विभागांच्या मधली रेघ जाड, मात्रांच्या मधली रेघ नकोच. अन् ओळ मुखडा जिथनं उठतो तिथनं सुरू करा, नवव्या मात्रेवरनं उठत असेल तर पहिलं चिन्ह शून्य येऊ द्या, सम मधेच येईल, येऊ दे. काही डिझायनर पोरं 'सर, सम पहिली घेतो, सुबक दिसतंय' म्हणून मुखडा अर्ध्यातनं तोडतात. सुबक दिसतंय, गाता येत नाही.

अन् सगळ्यात शेवटचं, पण माझ्या मते सगळ्यात मोठं : अंक कुठं ठेवून वाचणार? कथा मांडीवर ठेवून वाचतात, बंदिश हार्मोनियमवर ठेवून वाचतात, एक हात भात्यावर एक पट्ट्यांवर. पान उलटायला तिसरा हात नाही. म्हणून स्थायी अन् अंतरा समोरासमोरच्या दोन पानांवरच संपला पाहिजे, डावं पान सम आकड्याचं असतं, बंदिश तिथनं सुरू करा. जागा उरली तर उरू द्या. तिथं जाहिरात घुसडू नका, विद्यार्थ्याला पेन्सिलनं लिहायला लागते ती जागा. अन् नोटेशनचं पान चकचकीत आर्ट पेपरवर घेऊ नका, त्यावर पेन्सिल चालत नाही अन् ट्यूबलाइट चमकते. साधा मॅपलिथो कागद झकास. रंग पण नको, कोमलाची रेघ लाल केलीत अन् छपाईत रंग अर्धा मिलिमीटर हलला की रेघ शेजारच्या स्वराची झालीच म्हणून समजा.

काका, मी आर्टचा स्टुडंट आहे, मला अमेरिकन डिझायनर डेव्हिड कार्सननं मांडलेलं रे गन हे संगीताचं मासिक लई आवडतं. मराठीत तसलं काहीतरी तोडफोड करावी वाटतं पण सगळे म्हणतात वाचता येत नाही. वाचता आलंच पाहिजे का?
– एक विद्यार्थी, मंगळवार पेठ

नाद खुळा प्रश्न. कार्सनची ती गोष्ट सगळ्यांना माहीत असते, 1994 मधे ब्रायन फेरीची मुलाखत त्याला कंटाळवाणी वाटली म्हणून त्यानं ती अख्खी झाफ डिंगबॅट्समधे लावली, म्हणजे अक्षरांऐवजी नुसती चिन्हं, बाण, चांदण्या. पण त्याच्या पुढची गोष्ट सांगायची लोक विसरतात. तीच मुलाखत त्याच अंकात मागं नीट वाचता येईल अशा अक्षरांत छापली होती. म्हणजे खोड काढली, पण वाचकाला उपाशी नाही ठेवलं. तू पण असंच कर, एक पान तोड, पण त्यातला मजकूर कुठंतरी जेवायला मिळू दे.

अन् मराठीत तोडताना इंग्रजीची हत्यारं चालत नाहीत. तो अक्षरांमधलं अंतर ताणतो, तू ताणलंस की शिरोरेघ तुटते अन् शब्द दात पडल्यासारखा दिसतो. तो मधेच एखादं अक्षर कॅपिटल करतो, आपल्याकडं कॅपिटलच नाही. इटॅलिक पण खरं म्हणजे नाही, कॉम्प्युटर अक्षर नुसतं ढकलून तिरकं करतो, तो इटॅलिक नव्हे, तो कलंडलेला मंगल फॉन्ट. पण आपल्याकडं जे आहे ते त्याच्याकडं नाही. शिरोरेघ आहे! ती तंबोऱ्याच्या तारेसारखी पानभर ओढ, तिला मीड दे, वाकव, अक्षरं तिला लोंबकळू देत. वेलांटी अख्ख्या शब्दावरनं फिरव. काना खाली लांबव. हे फॉन्टमधे होणार नाही, हातानं काढ अन् स्कॅन कर. ज्यांनी मायक्रोसॉफ्टचा तो मंगल फॉन्ट केला ते र. कृ. जोशी स्वतः आधी हातानं अक्षरं काढणारे होते हे लक्षात ठेव. तालमींच्या भिंतीवरची, ट्रकच्या मागची, जुन्या नाटकांच्या हँडबिलातली अक्षरं फोटो काढून जमव, तुझं रे गन तिथं आहे.

एक अट माझी. गवयाचं नाव, रागाचं नाव, तारीख, ठिकाण यांची तोडफोड करायची नाही. बाकी घाल गोंधळ.

आम्ही कार्यक्रमांची परीक्षणं छापतो. 5 पैकी स्टार द्यायचे का? अन् शेवटी टॉप टेन गाण्यांची यादी टाकली तर पोरं अंक उघडतील असं वाटतं.
– एक उपसंपादक, शाहूपुरी

स्टार देऊ नका. अमेरिकेतलं डाउनबीट, 1934 पासनंचं जॅझचं मासिक, ते रेकॉर्डला पाच पैकी स्टार देतं अन् पिचफोर्क ही संगीताची वेबसाइट तर दहा पैकी पॉइंटमधे मार्क देतं, ते त्यांच्या जागी बरोबर आहे. रेकॉर्ड दुकानात ठेवलेली असते, वाचकाला पैसे घालायचे की नाही ठरवायचं असतं, स्टार म्हणजे खरेदीचा सल्ला. कालची मैफल काल संपली, वाचक ती विकत घेऊ शकत नाही, मग साडेतीन स्टारचं त्यानं करायचं काय? शिवाय कोल्हापूर केवढं, ज्याला अडीच दिले तो उद्या सकाळी रंकाळ्यावर फिरताना समोरनं येणार.

त्यापेक्षा परीक्षणाच्या डोक्यावर एक चौकट द्या, ठरलेल्या क्रमानं : कलाकार, साथीला कोण, कुठं, कधी, काय काय गायले, कुठल्या तालात. ही चौकट तीस वर्षांनी कुणीतरी शोधत येईल, तुमचे स्टार कुणी विचारणार नाही. रागाच्या नावाला अवतरण चिन्ह नको, बंदिशीच्या पहिल्या ओळीला एकेरी अवतरण द्या, अन् एकदा ठरलं की अंकभर तेच. इंग्रजीत अल्बमचं नाव इटॅलिक अन् गाण्याचं अवतरणात हा भेद लिपीच करून देते, आपल्याला तो नियमानं पाळावा लागतो.

टॉप टेनचं म्हणाल तर ब्रिटनमधे ती भानगड न्यू म्युझिकल एक्स्प्रेस या संगीताच्या पेपरनं सुरू केली, 14 नोव्हेंबर 1952 ला, अन् पद्धत काय तर त्यांच्या माणसानं साधारण वीस रेकॉर्डच्या दुकानांना फोन करून काय खपलं ते विचारलं. तुम्ही तुमच्या भागातल्या ब्रास बँडवाल्यांना फोन करा की, या लग्नसराईत वरातीत कुठलं गाणं सगळ्यात जास्त वेळा वाजवायला लावलं. मी पहिला वाचीन. पण खरंच फोन करा, ऑफिसात बसून दहा गाणी ठरवू नका.

अंकाच्या मधल्या पानावर मोठा फोटो अन् पाठीमागं आवडत्या गाण्याचे पूर्ण बोल छापायचेत. चालेल का?
– एक वाचक, गंगावेश

मधलं पान हे पिन बाइंडिंगच्या अंकातलं एकच पान जिथं डावी-उजवी बाजू एकाच कागदावर असते, 48 पानांत ते 24 अन् 25. बाकी कुठल्याही जोडपानावर चेहरा पसरलात तर दोन वेगळे कागद शेजारी येतात अन् नाक एकीकडं गाल दुसरीकडं. इंग्लंडात 1978 ला निघालेल्या स्मॅश हिट्स मासिकानं गाण्यांचे बोल अन् पोस्टर यांच्यावरच पोरांना वेड लावलं होतं. आपल्याकडं थिएटरात गाण्यांच्या पुस्तिका मिळायच्या, तीच भूक. फक्त पिन चेहऱ्यातनं जाऊ देऊ नका, अन् पोस्टर भिंतीवर लागलं की मागची बाजू गेली, म्हणून बोल पोस्टरच्या मागं नकोत, वेगळ्या पानावर घ्या.

बोल छापायचं मात्र जपून. आपल्या कायद्यात कवी गेल्यानंतर 60 वर्षं हक्क राहतो, अन् ती वर्षं पुढच्या 1 जानेवारीपासनं मोजतात. आपले जगदीश खेबुडकर 2011 ला गेले, म्हणजे त्यांच्या गाण्यांवरचा हक्क 2071 संपेपर्यंत आहे, परवानगी घेतल्याशिवाय अख्खं गाणं छापायचं नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर 1948 ला गेले, त्यांच्या नाट्यपदांची मुदत 2008 लाच संपली, ती बिनधास्त छापा. नाट्यपदाच्या बाजूला राग-ताल लिहायची जुनी रीत आहे ती ठेवा. कवितेची ओळ कॉलममधे बसत नाही म्हणून मधेच तोडू नका, अक्षर एक पॉइंट लहान करा, नाहीतर कॉलम रुंद करा. ध्रुपद प्रत्येक कडव्यानंतर पूर्ण छापायची गरज नाही, पहिला शब्द अन् पुढं तीन टिंबं, गाणाऱ्याला कळतंय.

कार्यक्रमाचे फोटो व्हॉट्सअॅपवर येतात, छापल्यावर धुरकट दिसतात. अन् फोटोओळ कशी लिहायची?
– एक तबलावादक, कसबा बावडा

धुरकटचं उत्तर सोपं. व्हॉट्सअॅप नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेला फोटो बारीक करतं, लांब बाजू साधारण 1600 पिक्सेल राहते. छपाईला इंचाला 300 लागतात, म्हणजे तो फोटो सव्वापाच इंचापर्यंत ठीक, तुमचा अंकवाला त्याला पानभर ताणतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, मूळ फाइल येते. फोटो काढणाऱ्याला सांगा की माइक तोंडावर येऊ देऊ नको, दोन पावलं बाजूला सरक. अन् गायक तान घेतानाच फोटो पाहिजे असं काही नाही, समेवर आल्यावर सगळ्यांचे चेहरे एकदम उघडतात, तिथं बटण दाब.

फोटोओळीचं दुखणं तुम्ही तबलावादक असून मला विचारताय म्हणजे तुम्हाला माहितीच आहे. 'अमुक पंडित गाताना' एवढंच छापतात अन् शेजारी दोन माणसं घाम गाळत बसलेली असतात, मागं तंबोऱ्यावर दोन पोरी, त्यांना नावच नाही. फोटो कातरताना सुद्धा पहिला हात तबल्यावर पडतो, डग्ग्यासकट माणूस अर्धा कापतात. मी आता एक सवय लावून घेतलीय, फोटोओळ उलटी टाईप करायची, आधी तंबोरा, मग तबला, हार्मोनियम, शेवटी गायक, सगळी नावं आली की मग क्रम नीट लावायचा. जागा कमी पडली तर 'पंडित' काढतो, नाव काढत नाही.